पाणीकचेरीतली हट्टी डिस्क

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत रिस्टार्टरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. नाव होतं, पगारपत्रकावर छापूनही यायचं. पण एकदा त्या नावाचं पाकीट टपालातून आलं, तेव्हा ते टेबलाटेबलावरून फिरून "असा माणूस या कचेरीत नाही" असा शेरा घेऊन परत निघालं होतं. जावक शिक्का मारायला ते रिस्टार्टरावांच्याच हातात आलं. आपलं नाव ओळखायला त्यांनाही जरा वेळ लागला, मग त्यांनी ते गुपचूप खिशात घातलं.

त्यांचं मूळ काम आवक-जावकचं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, आणि मधल्या काळात कागद कुठे अडकला म्हणून कोणी विचारायला आलं की 'वर गेलाय' म्हणून सांगायचं. कचेरी एकमजली होती. तरी हे उत्तर कधी कोणाला खटकलं नाही.

कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध आला तो निव्वळ अपघाताने. कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा तेव्हाच्या साहेबांचा पडदा एके सकाळी काळा पडला. सगळी कचेरी भोवती गोळा झाली. कोणी वायरस म्हणालं, कोणी व्होल्टेज म्हणालं. रिस्टार्टराव सही घ्यायला आले होते. त्यांचं पेन खाली पडलं, ते उचलायला टेबलाखाली वाकले आणि त्यांना दिसलं की प्लग अर्धा बाहेर आलाय. त्यांनी तो आत ढकलला. वर आले तेव्हा पडदा उजळला होता आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. काय केलंत, असं साहेबांनी विचारलं. या माणसाने आयुष्यात जे काही थोडे हुशारीचे निर्णय घेतले, त्यातला एक त्या क्षणी घेतला. "बंद करून चालू केला," एवढंच ते म्हणाले आणि सही घेऊन गेले.

त्या दिवसापासून कचेरीत कुठेही कॉम्प्युटर अडला की बोलावणं रिस्टार्टरावांना. त्यांच्याकडे औषधं दोनच. पहिलं, बंद करून चालू करणं. त्याने गुण आला नाही तर दुसरं, फॉरमॅट, म्हणजे डिस्कवरचं होतं नव्हतं ते सगळं पुसून पाटी कोरी करणं. दुसऱ्या औषधाने रोग हमखास जायचा, रोग्याजवळचं सगळंही जायचं. कोणाचे लग्नाचे फोटो गेले, कोणाच्या मुलाचा प्रबंध गेला, एका विभागाचा अख्खा पाणीपट्टीचा हिशेब गेला आणि त्या भागातले लोक वर्षभर फुकट पाणी प्यायले. पण कॉम्प्युटर चालू झाला हे कोणालाच नाकारता येत नव्हतं. लोक हळहळायचे आणि जाताना आभारही मानायचे.

आभार मानायचे, पण खुर्ची सरकवायचे नाहीत. एवढ्या वर्षांत रिस्टार्टरावांचं टेबल प्रसाधनगृहाच्या दाराशेजारीच राहिलं. खुर्चीचा एक हात निघालेला होता, तो ते रोज सकाळी बसवायचे आणि दुपारपर्यंत तो पुन्हा निघायचा. नव्या खुर्चीसाठी त्यांनी केलेला अर्ज त्यांनीच आवक करून पुढे पाठवला होता. तोही वर गेला होता.

घरी त्यांची बायको शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, कापडाचे ढीग आणि बायकांच्या मापांच्या चिठ्ठ्या. प्लगची गोष्ट जगात त्या एकटीलाच ठाऊक होती आणि तिने ती कधी बाहेर फोडली नाही. पण नवरा घरी येऊन फारच छाती पुढे काढून बोलायला लागला की ती मशीनवरून मान वर न करता विचारायची, "आज कुठला प्लग निघाला होता?"

तर अशा या रिस्टार्टरावांच्या आयुष्यात ती डिस्क आली.

मुख्य कार्यालयाकडून परिपत्रक आलं की जुने कॉम्प्युटर शाळांना देऊन टाकायचे. मात्र देण्याआधी त्यांतली माहिती पूर्णपणे पुसून तसं प्रमाणपत्र जोडायचं. या कचेरीत असा जुना कॉम्प्युटर एकच होता. पॅसेजमध्ये, पाण्याच्या फिल्टरशेजारी. तो कोणा एकाचा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. दुपारी डबा खाऊन झाला की ज्याला जे काम आपल्या टेबलावर करायला नको वाटे, तो ते म्हाताऱ्यावर जाऊन करी. स्क्रीन भिंतीकडे वळवलेली होती, ती कोणी वळवली हे कोणी विचारलं नव्हतं.

सध्याचे मोठे साहेब निवृत्तीला टेकलेले. त्यांनी परिपत्रकावर 'रिस्टार्ट यांनी करावे' असा शेरा मारला. रिस्टार्टरावांना वाटलं, हे तर आपलं हातखंडा काम. म्हातारा सुरू व्हायलाच अर्धी सकाळ घ्यायचा, म्हणून त्यांनी त्याच्या पोटातली डिस्क काढली, बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून एक डबी मागून आणली, डिस्क त्या डबीत बसवली आणि डबीची वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्कचं चित्र आलं. त्यावर फॉरमॅटचा हुकूम सोडला आणि चहा प्यायला गेले.

परत येऊन बघतात तो पडद्यावर एक चौकट. डिस्कवर लिहायला बंदी आहे, बंदी उठवा किंवा दुसरी डिस्क वापरा.

रिस्टार्टरावांनी बंद करून चालू केलं. तीच चौकट. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, वायरच बदलली, डिस्क काढून फुंकर मारून परत बसवली. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली. मग ती काळी खिडकी उघडली, जिच्यात इंग्रजीतून हुकूम टाइप करावे लागतात आणि जी बघितल्यावर मागे उभी असलेली माणसं एक पाऊल मागे सरकतात. कुठून तरी उतरवून घेतलेले हुकूम त्यांनी एकेक अक्षर तपासून टाइप केले. खिडकीने कळवलं की बंदी उठवली. ते हरखले, पुन्हा फॉरमॅट केलं. तीच चौकट, जणू मधे काही घडलंच नाही.

आत निदान काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी डिस्कवरचे कप्पे उघडायचा प्रयत्न केला. प्रत्येक माणसाच्या नावाचा एक कप्पा होता. कोणताही कप्पा उघडायला गेलं की 'तुम्हाला परवानगी नाही' असं यायचं. परवानगी स्वतःला देऊन बघावी तर ती नोंदवायला डिस्कवर लिहावं लागतं, आणि लिहायला तर बंदी. आवक-जावकमध्ये एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटली, पण पहिल्यांदाच तो तिच्या चुकीच्या बाजूला उभा होता.

शेवटी त्यांनी मुख्य कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की बंद करून चालू करून पाहिलंत का. रिस्टार्टरावांनी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मीटर तपासनीस त्यांच्या टेबलापाशी थबकले. हे गृहस्थ कचेरीचं वर्तमानपत्र होते. मीटर ते महिन्यातून एकदा तपासत, माणसं रोज. म्हाताऱ्याचं काय झालं, असं त्यांनी सहज विचारलं. रिस्टार्टराव वैतागलेले होते. ते म्हणाले, "पुसली जात नाहीये. आत काहीतरी आहे, जे जायला तयार नाही."

त्यांच्या मते ते एक तांत्रिक विधान होतं. पण दुपारच्या डब्यापर्यंत ते कचेरीभर झालं, आणि डब्यानंतर कचेरीतला आवाजच बदलला. एरवी त्या वेळी हसणं-खिदळणं चालायचं. त्या दिवशी सगळे आपापल्या टेबलाशी खाली मान घालून बसले होते आणि काम करत होते, म्हणजे काहीतरी नक्कीच बिनसलं होतं.

सगळ्यात आधी आले ते तपासनीसच. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि कुजबुजत विचारलं की कप्पे नावानिशी दिसतात का. रिस्टार्टराव म्हणाले, दिसतात. खोटं काहीच नव्हतं त्यात. तपासनीसांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ते म्हणाले, माणूस तरुणपणी दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करतो, त्यात आपल्या साहेबांबद्दल दोन शब्द कमी-जास्त लिहितो, ते काही मनापासून नसतं. रिस्टार्टराव यावर नुसते हसले. ते हसू तपासनीसांनी आपल्या परीने वाचलं आणि जाताना ते रिस्टार्टरावांच्या खुर्चीचा निघालेला हात स्वतःच्या हाताने बसवून गेले.

मग लेखापाल बाई आल्या. या बाईंच्या टेबलासमोर उभं राहताना मोठे साहेबसुद्धा शर्टाची बटणं तपासायचे. त्या स्वतः उठून प्रसाधनगृहाच्या दारापर्यंत आल्या, हीच बातमी होती. त्यांनी रिस्टार्टरावांच्या तब्येतीची चौकशी केली. इथे वास येतो का विचारलं. मग म्हणाल्या की निनावी तक्रार ही लोकशाहीत एक मान्य पद्धत आहे आणि ती करणारा माणूस बहुधा संस्थेच्या भल्यासाठीच करतो. रिस्टार्टराव हो म्हणाले. संध्याकाळी शिपायाने रिस्टार्टरावांचं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. हुकूम कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाला, लेखा विभागाचा.

आणि मग साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं. साहेबांनी दार लावून घेतलं, चहा मागवला, तोही कपबशीतून. मग ते आडवळणाने बोलू लागले. एखादा माणूस निवृत्त होतो, त्याच्या निरोप समारंभात कोणी तरी मानपत्र वाचतं. आता कचेरीतल्या लोकांची भाषा ही अशी, त्यांना ऐनवेळी चार चांगले शब्द सुचणार कुठून. तेव्हा त्या माणसाने स्वतःच एखादा मसुदा करून ठेवला, थोडा अश्रूंचा वगैरे उल्लेख घातला, तर त्याला दूरदृष्टी म्हणायचं की नाही? रिस्टार्टराव म्हणाले, दूरदृष्टीच म्हणायचं. साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

डिस्कने रिस्टार्टरावांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. जे सांगितलं ते माणसांनी, एकामागून एक येऊन, न विचारता. त्या आठवड्यात त्यांना कचेरीबद्दल जेवढं कळलं तेवढं एवढ्या वर्षांच्या आवक-जावकमध्ये कळलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण जाताना हेच बजावून जायचा की बाकीच्यांचं काय असेल ते असो, आपलं तेवढं नीट पुसलं जावं.

शनिवारी दुपारी ते डबी घरी घेऊन आले. पिशवीत पाण्याची बाटली सांडली होती, सगळं ओलं झालं होतं. डबी पुसायला घेतली तर तिच्या बुडाला दुरुस्तीवाल्याने चिकटवलेला कागद भिजून सुटत होता. 'फाडल्यास जबाबदारी नाही' असं त्यावर छापलं होतं. तो आपोआप हातात आला, आणि त्याच्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक खटका दिसला. खटक्याच्या एका बाजूला कुलपाचं चित्र होतं, दुसऱ्या बाजूला उघड्या कुलपाचं. खटका कुलपाच्या बाजूला होता.

दोष डिस्कचा नव्हताच. डबीला कुलूप होतं.

रिस्टार्टरावांनी नख खटक्यावर ठेवलं. नुसतं सरकवायचं, सोमवारी सकाळी फॉरमॅट करायचं आणि सही करून मोकळं व्हायचं. मग त्यांना खिडकीजवळचं टेबल आठवलं. तिथून बाहेरचा रस्ता दिसायचा, समोरच्या न्हाव्याच्या दुकानातला आरसाही दिसायचा. नव्या खुर्चीचा अर्ज शुक्रवारीच वरून खाली आला होता, मंजूर होऊन. त्यांनी नख काढून घेतलं, भिजलेला कागद पंख्याखाली वाळवला आणि गोंद लावून परत होता तिथे चिकटवला.

बायको मशीनवर होती. तिने हे सगळं पाहिलं होतं. शिवण संपवून तिने दोरा तोडला.

"सापडलं वाटतं," ती म्हणाली.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. साहेबांचा चहा, बाईंचं टेबल, तपासनीसांची खुर्ची. म्हणाले की घाई काय आहे, लोक इतक्या वर्षांनी मान द्यायला लागलेत, राहू दे की थोडे दिवस.

"अहो, मान कसला? घाबरलेत ते तुम्हाला," ती म्हणाली. "माझ्या हातात कात्री असली की गिऱ्हाईक माझ्याशीही गोड बोलतं. कापड एकदा घरी गेलं की ओळख देत नाही."

रिस्टार्टरावांनी हे ऐकून घेतलं आणि सोमवारी पंख्याखाली वाळवलेल्या कागदासकट डबी घेऊन कचेरीत गेले. साहेबांना त्यांनी सांगितलं की प्रकरण जास्तच खोल आहे. साहेबांनी एक समिती नेमली: ते स्वतः, लेखापाल बाई आणि तपासनीस. तिघांच्याही मनात समितीचं काम एकच, एकमेकांवर नजर ठेवणं. समितीची रोज बैठक व्हायची. त्यात रिस्टार्टराव मान हलवत "प्रयत्न चालू आहेत" म्हणायचे आणि तिघेही एकदम सुस्कारा सोडायचे, कोण कशासाठी ते कळायचं नाही.

रिस्टार्टरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते उशिरा यायला लागले. 'वर गेलाय' हे आता ते अशा सुरात सांगायचे की विचारणारा आपोआप आवाज खाली आणी. एकदा तर बोलता बोलता लेखापाल बाईंना त्यांनी मधेच थांबवलं, आणि बाई थांबल्या.

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी टायपिस्ट मावशी आल्या. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघे दुखायचे, तरी दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांचं लग्नच या कचेरीत जमलेलं. नवरा इथेच मीटर वाचायला होता, तो जाऊनही आता काळ लोटला होता. कोणी तरी त्यांना फोनवर सांगितलं होतं की म्हाताऱ्याच्या डिस्कवर सगळ्यांचं सगळं तसंच आहे, आणि रिस्टार्टरावांनी ते पाहिलंय.

रिस्टार्टरावांना वाटलं, आणखी एक. त्यांनी चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आणलं. पण मावशी पुसायला सांगायला आल्याच नव्हत्या.

"पुसायच्या आधी मला एक फोटो काढून देशील का?" त्या म्हणाल्या. "नव्या टाकीचं काम झालं तेव्हा सगळ्यांचा फोटो काढला होता. त्यात हे हसताहेत. घरात आहेत त्या सगळ्या फोटोंत तोंड पाडून बसलेत, जसं काही मीच बसवलंय. तू पाहिला असशील ना तो?"

इतके दिवस न बोलता जे चाललं होतं, ते आता तोंडाने बोलायची वेळ आली. "हो, पाहिला ना," रिस्टार्टराव म्हणाले.

मावशींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्या बाकावर बसल्या आणि नवरा कसा कोणाच्याही फाटकातून कुत्र्यांना घाबरून उलटा पळत यायचा ते सांगत राहिल्या. रिस्टार्टरावांनी त्यांना बसपर्यंत सोडलं. एवढे दिवस लोकांना जे वाटत होतं ते त्यांनी फक्त वाटू दिलं होतं. हे मात्र ते स्वतः बोलले होते, आणि तेही कचेरीत ज्या एकाच बाईला त्यांच्याकडून काही लपवायचं नव्हतं, तिला.

त्या संध्याकाळी डबी घेऊन घरी आल्यावर त्यांनी बायकोची छोटी कात्री मागितली, डबीच्या बुडाचा कागद खरवडून काढला आणि खटका सरकवला. बायकोने फक्त कात्री कागदाला लावू नका, धार जाते, एवढं सांगितलं.

शेजारच्या मुलाचा लॅपटॉप मागून आणून डबी जोडली, तर आता परवानगी मिळाली. कप्पे एकेक करून उघडले. साहेबांचा कप्पा रिकामा. लेखापाल बाईंचा रिकामा. तपासनीसांच्या कप्प्यात पत्त्यांच्या एका खेळातले त्यांचे गुण होते आणि बाकी काही नाही. सगळ्यांनी आपापलं केव्हाच, वेळच्या वेळी, स्वतःच्या हातांनी पुसून टाकलं होतं आणि पुसल्याचं विसरून गेले होते. विसरले नव्हते ते फक्त काय लिहिलं होतं ते. उरलेली सगळी डिस्क भरली होती ती जुन्या मीटरच्या आकड्यांनी, पाणी बंद राहण्याच्या सूचनांनी आणि एका फोटोंच्या कप्प्याने.

टाकीचा फोटो त्यात होता. रिस्टार्टरावांनी तो मोठा करून पाहिला. मावशींचे मीटरवाले कडेला उभे होते, डोळे बारीक करून, ओठ ताणून. हसत नव्हते. ऊन थेट तोंडावर येत होतं.

त्यांनी बायकोला बोलावून दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, मावशींनी दोन बस बदलल्यात, तेव्हा द्या तसाच. त्यांनी तो चांगल्या कागदावर छापून घेतला आणि रविवारी दोघं जाऊन देऊन आले. मावशींनी चष्मा लावून फोटो खिडकीपाशी नेला. रिस्टार्टराव खाली बघत उभे राहिले.

"अगं बाई, हे तर उन्हाने," मावशी म्हणाल्या. त्यांना हसू आलं. "आणि मी इतकी वर्षं समजतेय, माझ्याकडे बघून." मग त्यांनी फोटो कपाटावर, बाकीच्या तोंड पाडलेल्या फोटोंच्या मधोमध ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

सोमवारी रिस्टार्टरावांनी फॉरमॅटचा हुकूम सोडला. डिस्क काही क्षणांत कोरी झाली. एवढ्या गाजलेल्या प्रकरणाचा शेवट इतका पटकन व्हावा याचं त्यांना स्वतःलाही वाईट वाटलं. त्यांनी समितीपुढे जाऊन सांगितलं की डिस्क पुसली, दोष डबीच्या खटक्याचा होता, आणि आत कोणाचंही काहीही नव्हतं.

साहेबांनी लेखापाल बाईंकडे पाहिलं, बाईंनी तपासनीसांकडे.

"काहीही नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"काहीही नाही, साहेब. सगळे कप्पे मी स्वतः उघडून पाहिले."

हे वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. माणसाने काही पाहिलं नाही म्हटलं असतं तर कदाचित विश्वास बसला असता. सगळं पाहिलं आणि काहीच नव्हतं, असं शपथेवर सांगणारा माणूस म्हणजे पक्का मुरलेला. बाई म्हणाल्या की तुमचा हा मोठेपणा आम्ही विसरणार नाही. तपासनीसांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. रिस्टार्टरावांनी डबी उलटी करून खटका दाखवला, तो खाली-वर करून दाखवला. तिघांनी तो सौजन्याने पाहिला.

नुसतं पुसून समितीचं समाधान होईना. डिस्कला शिपायाकडून भोकं पाडून घेतली, मग हातोड्याने ती चेचली, आणि तुकडे वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकताना तिघांनी जातीने हजेरी लावली. प्रमाणपत्रावर 'माहिती समाधानकारकरीत्या पुसली' असं लिहून तिघांच्या सह्या झाल्या. कॉम्प्युटर डिस्कशिवाय शाळेला गेला. शाळेने आभाराचं पत्र पाठवलं. यंत्र चालू कसं करायचं, असंही त्यात विचारलं होतं. ते पत्र वर गेलं.

महिनाभरात रिस्टार्टरावांच्या बदलीचा हुकूम आला. बढतीवर. शिफारसपत्रात साहेबांनी त्यांच्या निष्ठेबद्दल, अबोलपणाबद्दल आणि माहितीच्या सुरक्षेतल्या त्यांच्या अधिकाराबद्दल इतकं भरभरून लिहिलं होतं की वाचताना रिस्टार्टरावांना शंका आली, हे तेच मानपत्र तर नव्हे, नाव बदललेलं. त्यात अश्रूंचाही उल्लेख होता. नेमणूक शहराच्या टोकाच्या पंपघरात, माहिती सुरक्षा प्रमुख म्हणून. तिथे कॉम्प्युटर नव्हता. निरोपाच्या वेळी सगळी कचेरी फाटकापर्यंत आली होती आणि एवढी खूश त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती.

पंपघरात माणूस एकच, पंपचालक. आडदांड, कानाने जरा कमी, पंपाच्या आवाजात आयुष्य गेलेलं. त्याला रिस्टार्टरावांबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. त्याने पहिल्याच दिवशी कॅरम मांडला. रिस्टार्टरावांनी राणी घालवली, मग स्ट्रायकरही घालवला. पंपचालकाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं की तुम्हाला यातलं काही म्हणजे काही येत नाही, नुसते हात हलवताय.

संध्याकाळी रिस्टार्टराव घरी आले ते हसतच. बायकोने मशीन थांबवून विचारलं काय झालं. त्यांनी पंपचालक काय म्हणाला ते शब्दन् शब्द सांगितलं, वर त्याच्यासारखं मोठ्याने ओरडूनही दाखवलं. मग चपला तशाच पायात ठेवून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, उद्या जरा लवकर निघतो, त्याने शिकवतो म्हटलंय.